शाया, शाळा आणि दोन वह्या : एका कर्णबधिर विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

प्रस्तुत प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातल्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत घडले. गाव तालुक्याच्या ठिकाणापासून अठरा किलोमीटरवर, कोरडवाहू कापसाचे आणि तुरीचे. दिवाळीच्या आगेमागे वेचणीला जोर आला की निम्म्या घरांना सकाळपासून कुलूप असते. विशेष शिक्षिका म्हणून माझ्याकडे तालुक्यातल्या बऱ्याच शाळा असल्यामुळे येथे महिन्यातून दोनदाच जाणे होई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि विद्यार्थिनीला येथे सुमन म्हटले आहे.

सुमन तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत होती. तिला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या लक्षात ती साडेतीन वर्षांची असताना आले आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रे मिळाली तेव्हा ती पाच वर्षांची झाली होती. दोन्ही कानांतील श्रवणदोष तीव्र, म्हणजे ८० डेसिबलच्या आसपासचा. घरी आई-वडील, आजी आणि सहावीत शिकणारा भाऊ. घरात बोलली जाते ती वऱ्हाडी. सुमनशी मात्र सगळे थोडे बोलून आणि बरेचसे खुणांनी बोलत. या खुणा कोणी शिकवलेल्या नव्हत्या. आजी, भाऊ आणि ती यांच्यात त्या हळूहळू ठरत गेल्या होत्या.

वर्गशिक्षक मूळचे पश्चिम महाराष्ट्रातले, बदलीने आलेले आणि मनापासून काम करणारे होते. जुलैत मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे दोन वह्या ठेवल्या. पहिलीत सुमनने उच्चारलेले अठ्ठेचाळीस शब्द दोन रकान्यांत लिहिलेले होते : ‘योग्य उच्चार’ आणि ‘सुमनचा उच्चार’. दुसरीत भावाच्या मदतीने काढलेली तिच्या खुणांची चित्रे होती, एका पानावर चार. इतकी तयारी करून ठेवणारा शिक्षक क्वचितच भेटतो, हे आधीच नोंदवते, कारण पुढचा बराच मजकूर या वह्यांतील उणिवांबद्दल आहे.

प्रश्न

सरांची मागणी साधी होती : पहिल्या वहीतील शब्द मी घोकून घेऊन सुधारावेत. वही चाळताना मात्र मला दिसले की एकाच रकान्यात फार वेगवेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत. ‘शाळा’पुढे ‘शाया’ होते, ‘डोळा’पुढे ‘डोया’, ‘पाणी’पुढे ‘पानी’. आणि त्याच ओळीने ‘साप’पुढे ‘आप’, ‘भाकर’पुढे ‘माकर’, ‘भाजी’पुढे ‘पाजी’. सगळ्यांवर तीच लाल फुली.

दुसऱ्या वहीची अडचण ऑगस्टमध्ये समोर आली. सर प्रशिक्षणाला गेले असताना शेजारच्या शाळेतील एक शिक्षिका चार दिवस वर्गावर होत्या. सुमनला आजीबद्दल विचारावे म्हणून त्यांनी वही उघडली. ‘आजी’च्या चित्रात ताठ तर्जनी होती, आणि तशीच ताठ तर्जनी ‘माय’च्याही चित्रात होती. सुमनच्या घरी तर्जनी नाकपुडीला लावली की माय (नथीची जागा), हनुवटीला लावली की आजी (दात पडलेले तोंड). चित्रात फक्त हात होता, चेहरा नव्हता. बाईंनी बोट नाकाशी नेले. सुमनची आई त्या आठवड्यात माहेरी गेली होती. मुलीने दप्तर उचलले आणि ती फाटकाकडे पळाली. तिथे कोणी नाही म्हटल्यावर ती दुपारपर्यंत वर्गात आली नाही.

घटना छोटी असली तरी दोन्ही वह्यांमागचा प्रश्न तिने उघडा केला. उच्चार असो की खूण, तिचे नेमके कोणते अंग बदलले की अर्थ बदलतो आणि कोणते बदलले तरी बदलत नाही, हे न ठरवताच नोंद केली गेली होती.

दोन्हींचे घटक

तोंडाने काढलेला ध्वनी एकसंध वाटला तरी तो अनेक निवडींचा मिळून बनतो. हवा कुठे अडवली (ओठांशी, दातांशी, मूर्धेशी, टाळूशी की कंठाशी), कशी अडवली, स्वरतंतू कंप पावले की नाही, जोराचा श्वास सुटला की नाही, मृदू तालू खाली येऊन हवा नाकातून गेली की नाही, या त्या निवडी होत. आपल्या वर्णमालेची मांडणीच यावर उभी आहे. प, फ, ब, भ, म यांची जागा एकच, दोन्ही ओठ. ‘ब’ला कंप आहे तो ‘प’ला नाही, ‘फ’ आणि ‘भ’ महाप्राण, ‘म’ नाकातला.

आता हीच ओळ कान झाकून केवळ डोळ्यांनी वाचावी. कंप कंठात होतो, तालू तोंडाच्या आत हलते, श्वास दिसत नाही. डोळ्यांना दिसतात ते मिटलेले आणि उघडलेले ओठ. म्हणून ओठ वाचणाऱ्याला ‘पान’, ‘भान’ आणि ‘मान’ हे शब्द सारखेच भासतात. ‘भाकर’ची ‘माकर’ आणि ‘भाजी’ची ‘पाजी’ होण्यात मुलीचा आळस नव्हता. जे दिसत होते त्यावरून तिने चुकीचा, पण तर्काला धरून, अंदाज बांधला होता. ‘साप’मधला ‘स’ हरवण्याचे कारण निराळे. ‘स’ची बहुतेक ऊर्जा साधारण ४००० हर्ट्झच्या वर असते आणि तीव्र श्रवणदोष असलेल्या कानापर्यंत तो भाग यंत्र लावूनही पोचेलच असे नाही. पुढचा ‘आ’ मोठा, कमी वारंवारतेचा आणि तोंड उघडताना दिसणारा, म्हणून तो टिकला.

‘शाया’चे तसे नाही. ‘ळ’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून मूर्धेला लागते आणि हवा जिभेच्या कडांवरून जाते. ‘य’ म्हणताना जीभ टाळूकडे नुसती उचलली जाते, चिकटत नाही. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी नियमाने ‘य’ येतो : केयी, काया, पिवया. हा ऐकण्याचा दोष नव्हे, घरातले मराठी आहे.

खुणांबाबत अशी मांडणी १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून केली. खूण म्हणजे हवेत काढलेले एक चित्र नसून हाताचा आकार, शरीराजवळचे स्थान आणि हालचाल अशा घटकांची ती जुळणी असते, हे त्यांनी दाखवले. तळव्याची दिशा हा घटक नंतरच्या अभ्यासकांनी जोडला, आणि चेहरा-भुवया-डोके यांचे कामही पुढे अधिक स्पष्ट झाले. त्या भाषेत बोटे पसरलेल्या हाताचा अंगठा कपाळाला लावला तर ‘वडील’ आणि हनुवटीला लावला तर ‘आई’. आकार तोच असून जागा बदलताच माणूस बदलतो. ऑगस्टमधला घोटाळा याच जातीचा होता. सुमनच्या घरगुती खुणा आणि पूर्ण विकसित सांकेतिक भाषा या एक गोष्ट नव्हेत, आणि तिच्या ‘माय-आजी’ला ‘पान-मान’च्या पंक्तीत बसवणे शास्त्राच्या दृष्टीने जरा घाईचे ठरेल, तथापि नोंद करताना कोणते घटक सोडून चालणार नाहीत एवढे ठरवायला ही तुलना पुरेशी होती.

विचारात घेतलेले पर्याय

सप्टेंबरच्या सुरुवातीला मुख्याध्यापक, सर, सुमनची आई, आजी आणि मी अशी बैठक झाली. पहिला पर्याय सरांचा होता : खुणा बंद करून सगळा भर बोलण्यावर द्यायचा, म्हणजे तिला बोलण्याची गरज भासेल. हा विचार जुना आहे. १८८० मध्ये मिलान येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांत खुणांऐवजी तोंडी पद्धतीचाच पुरस्कार केला होता आणि त्याबद्दल त्याच परंपरेतील परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. मी हा पर्याय नाकारला, पण इतिहासाच्या आधारावर नव्हे. सुमनला दिवसभरात जे काही नीट समजत होते त्यातले बहुतेक खुणांतून समजत होते. तेच काढून घेतले तर उच्चार सुधारण्याच्या सूचना तरी तिला कशाने द्यायच्या?

दुसरा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणच्या कर्णबधिर निवासी शाळेचा होता. तो मला आजही हलका वाटत नाही, कारण तिथे तिला खुणा करणारी मुले मिळाली असती आणि गावात तिच्यासारखे दुसरे कोणीच नव्हते. आईने बराच वेळ विचार करून नकार दिला : पोर एवढी लहान, आणि वेचणीच्या दिवसांत भेटायला जाणार कोण.

तिसरा पर्याय आम्ही निवडला. याच शाळेत, दोन्ही वह्या नव्याने करायच्या. आणि उच्चारांपैकी जे ऐकू न आल्याने बिघडले आहे तेवढ्यावरच काम करायचे.

‘शाया’वर मात्र एकमत होईना. सरांचे म्हणणे असे की मुलीला आधीच अडचण, त्यात बोलीची भर कशाला. शिवाय ‘खूण’ आणि ‘खून’ यांत फरक नको काय? हा मुद्दा बिनतोड होता. प्रमाण मराठीत ण-न हा भेद अर्थ बदलतो, वऱ्हाडी बोलण्यात तो उरत नाही, आणि संदर्भावर भागते. तेवढ्यात आजी म्हणाल्या, “मॅडम, आमी बी शायाच म्हन्तो. मंग आमाले बी मशीन लावता काय?” आणि पुढे अभिमानाने, “तिच्या साऱ्या खुना मले मालूम हायेत.” मुख्याध्यापकांना हसू आवरेना, सरही हसले. ठरले ते असे : बोलण्यात ‘शाया’ला फुली नाही, लिहिण्यात ‘शाळा’ आणि ‘खूण’ सगळ्या वर्गाला शिकवायचे, एकट्या सुमनला नव्हे.

प्रत्यक्ष कार्यवाही

माझा शब्द प्रमाण मानू नये म्हणून आधी पडताळणी केली. वर्गातल्या दहा ऐकू येणाऱ्या मुलांना केळी, डोळा, फळा यांची चित्रे दाखवून नावे विचारली आणि ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. सरांनी ती ऐकली. बहुतेकांनी ‘केयी’, ‘डोया’, ‘फया’ म्हटले होते. सुमनच्या वहीतून त्यानंतर असे शब्द वेगळे काढणे सरांनी स्वतःच केले.

मग मी सरांसमोर बसून आवाज न काढता ‘पान’, ‘भान’, ‘मान’ असे उलटसुलट क्रमाने म्हटले आणि त्यांना ओळखायला सांगितले. ते बहुतेक वेळा चुकले. आ, ई, ऊ मात्र त्यांनी न चुकता ओळखले, कारण स्वरांत ओठांचा आकार बदलतो. त्यानंतर घोकंपट्टीचा आग्रह त्यांनी पुन्हा धरला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत उपयोगी दहा मिनिटे हीच होती. ती जुलैतच खर्च करायला हवी होती.

उरलेल्या शब्दांसाठी स्पर्शाचा आणि दृष्टीचा आधार घेतला. ‘प’ आणि ‘ब’साठी सुमनचा हात आधी माझ्या आणि मग तिच्या गळ्यावर. ‘म’साठी बोट नाकाच्या बाजूला, म्हणजे थरथर जाणवते. ‘त-थ’, ‘क-ख’साठी तळहातावर कापसाचा पुंजका : ‘ख’ म्हटले की तो उडतो, ‘क’ला जागचा हलत नाही. कापूस त्या गावात मागावा लागत नाही.

याच वेळी पहिल्या वहीचा आणखी एक दोष सापडला, आणि तो उलट दिशेचा होता. ‘चूल’ या शब्दापुढे सरांनी बरोबरची खूण केली होती, कारण सुमन ‘चूल’ म्हणत होती. पण तिचा ‘च’ होता ‘चिमणी’तला. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, एक टाळूचा आणि एक दातांकडचा, आणि लिपीत दोन्हींना अक्षर एकच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला फरक आपण कानाने शिकतो. सुमन हे शब्द वाचून शिकली होती. म्हणजे उच्चार अक्षरांत लिहिल्यामुळे वहीत काही ठिकाणी नसलेली चूक दिसत होती आणि काही ठिकाणी असलेली दिसत नव्हती.

खुणांच्या नव्या वहीत प्रत्येक शब्दाला पाच रकाने केले : हाताचा आकार, स्थान, हालचाल, तळव्याची दिशा, चेहरा. स्थानासाठी धडाचे साधे रेखाचित्र आणि त्यावर ठिपका, हालचालीसाठी बाण. सुमन ‘कापूस’ आणि ‘मीठ’ दोन्हींसाठी बोटांची टोके जुळवते; कापसाला हात बोंडातून ओढल्यासारखा वर येतो, मिठाला खाली चुरडतो. ‘थांब’ आणि ‘आरसा’ यांत उभा सपाट पंजा तोच, तळवा समोरच्याकडे की स्वतःकडे एवढाच फरक. आणि ‘माय शेतात’ ही माहिती की प्रश्न, हे तिच्या भुवया सांगतात. भारतीय सांकेतिक भाषेतही हो-नाही स्वरूपाचा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो. जुन्या वहीत ‘कापूस’ हा शब्द दोनदा आला होता, कारण भाऊ तो दोन हातांनी करतो आणि सुमन एका, तेही कधी उजव्या तर कधी डाव्या हाताने. अर्थ मात्र सगळ्यांत तोच. हे झाले खुणांतले ‘शाया’.

वही पुरेशी आहे की नाही हे पाहण्यासाठी एक चाचणी ठरवली. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी फक्त वहीत पाहून खूण करायची आणि सुमनने चित्रकार्ड उचलायचे. पहिल्या फेरीत वीसपैकी सात शब्द फसले. बहुतेक ठिकाणी बाण कोणाच्या बाजूने काढला आहे, करणाऱ्याच्या की पाहणाऱ्याच्या, हेच लिहिलेले नव्हते. ते लिहिल्यावर दुसऱ्या फेरीत दोनच फसले.

प्रत्येक घरगुती खुणेशेजारी भारतीय सांकेतिक भाषेतील खूण द्यायची असेही ठरले. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा चित्रफितींचा कोश २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांवर गेला होता, म्हणजे सामग्रीची वाण नव्हती. वाण होती ती नेटवर्कची. गावात ते पाण्याच्या टाकीजवळच मिळे.

निष्पत्ती

मार्चअखेर परिस्थिती संमिश्र होती. ‘भाकर’ आणि ‘भाजी’ बहुतेक वेळा बरोबर येऊ लागले. शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ आठवण दिली की येई, शेवटचा येत नसे. ‘ऊस’चा ‘ऊ’च राहिला. ‘चूल’ सुधारली नाही आणि तिच्यावर मी फार वेळही घालवला नाही, कारण ती काय म्हणते ते सगळ्यांना कळत होते. खुणांच्या वहीत साठ शब्द झाले. फेब्रुवारीत सर पुन्हा चार दिवस नव्हते तेव्हा बदली शिक्षिकेचे काम त्या वहीवर निभावले. वर्गातली तीन-चार मुले वही न पाहताच तिच्याशी खुणांनी बोलू लागली, आणि त्यातल्या काही खुणा गुरुजनांपासून लपवण्याजोग्या होत्या असे भावाकडून कळले.

‘शाया’चा प्रश्न पूर्ण सुटला नाही. सुमन आता सरांसमोर ‘शाला’ म्हणते, म्हणजे ना घरचे, ना पुस्तकातले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक माझी होती. ऑक्टोबरमध्ये एकदा सहा ध्वनींची चाचणी घेतली : पाठीमागे उभे राहून आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचे आणि मुलीने ऐकू येताच हात वर करायचा. डाव्या यंत्राकडून एकाही ध्वनीला प्रतिसाद आला नाही. त्यातला सेल संपलेला होता, किती दिवसांपासून ते घरी कोणाला सांगता येईना. उजव्या यंत्राचा कानातला साचा मुलगी वाढल्यामुळे सैल झाला होता आणि शिटी मारत होता. म्हणजे ज्या अठ्ठेचाळीस शब्दांचे मी दोन भेटी विश्लेषण केले, ते कदाचित एकाच, तेही अर्ध्या चालू कानावर आधारलेले होते. पाच मिनिटांची ही चाचणी पहिल्या दिवशी, वही उघडण्याआधी, व्हायला हवी होती. आता मी ती प्रत्येक भेटीत घेते आणि सेलचे एक पाकीट शाळेत ठेवते.

बैठकीला सुमनला बोलावले नव्हते, हेही आता खटकते. आठ वर्षांच्या मुलीला निवासी शाळेबद्दल काय वाटते हे चित्रे दाखवून विचारता आले असते. ते कोणाला सुचले नाही, मलाही नाही.

दुसरी उणीव माणसांची होती. साठपैकी बावीसच शब्दांसमोर भारतीय सांकेतिक भाषेतील खूण भरली गेली. चित्रफितीवरून खूण उतरवता येते, पण तिच्यातले काय महत्त्वाचे आणि काय त्या व्यक्तीची लकब, हे सांगायला ती भाषा रोज वापरणारे माणूस लागते. तालुक्याच्या बाजारात एक कर्णबधिर शिंपी आहेत हे मला फेब्रुवारीत, तेही योगायोगाने कळले. इतकी वर्षे त्यांच्या दुकानावरून माझे जाणे-येणे होते. मी वही घेऊन गेले. त्यांच्या भावाने दुभाष्याचे काम केले. ‘पाऊस’चे पान त्यांनी थोडा वेळ पाहिले, मग वही मिटून बोटे खाली आणत तीच खूण तीनदा करून दाखवली : एकदा हलकेच, एकदा मध्यम, आणि एकदा भुवया आकसून झपाट्याने. भुरभुर, पाऊस आणि मुसळधार. वेगासाठी आमच्या वहीत रकाना नव्हता.